मडकं कोणी थापटायचं?

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडमागच्या बोळात एक रेडिओ मिस्त्री बसायचा. त्याचं नाव सांगत नाही, त्याची लेकरंबाळं अजून तिथंच राहतात. मी 1978 साली दहावी झालो आणि शाळा सुटली. बहात्तरच्या दुष्काळात घरातलं जे मोडलं होतं ते अजून उभं राहिलं नव्हतं, म्हणून पुढं शिकायचा विषयच निघाला नाही. शेतात लागलो. पण बाजाराच्या दिवशी बैल सोडून बांधले की माझे पाय आपोआप त्या बोळाकडं वळायचे.

दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक फळी. फळीवर मर्फी, फिलिप्सचे रेडिओ पोट उघडून पडलेले असायचे. तापलेली कावी राळेत बुडवली की जो धूर निघायचा त्याचा वास मला अजून आठवतो. मी तासतासभर उभा राहायचो. मिस्त्री बोलायला चांगला होता, चहासुद्धा पाजायचा. मात्र डाख द्यायची वेळ आली की तो पाठ फिरवायचा. रेडिओतला ट्रान्झिस्टर बदलला की त्याच्या अंगावरचा नंबर ब्लेडनं खरवडून काढायचा, म्हणजे गिऱ्हाईकानं दुसऱ्याकडं नेला तर त्याला कळू नये की इथं एसी 128 बसवलाय का बीसी 148. एकदा मी धीर करून म्हणालो, "मामा, मला शिकवा की." तो हसला. म्हणाला, "बघून कुठं येतंय व्हय रे? आणि येत असलं तर मग मी खायचं काय?"

चार वर्षं मी असा उभा राहिलो. आलं काहीच नाही.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्या गावात भिंती चिरल्या, माणसं वाचली. पण माझी थोरली बहीण सास्तूरच्या अलीकडच्या गावात दिलेली होती. उजाडेपर्यंत एवढंच कळलं की तिकडं गावंच्या गावं बसलीत. आमच्या आळीत दोन रेडिओ होते. एक आमचा, तो महिन्याभरापासून बंद. दुसरा ज्यांच्या घरी होता ते कुलूप लावून पुण्याला गेलेले. वडील मिळेल त्या ट्रकनं तिकडं गेले आणि आई त्या मुक्या रेडिओसमोर बसून राहिली. दोन दिवस. बहीण वाचली होती, पण ते वडील परत आल्यावरच कळलं.

पुढं दिवाळीनंतर तो रेडिओ मी उघडला. सेलच्या स्प्रिंगपासून एक वायर सुटली होती. बस्स. दोन मिनिटांचं काम. रेडिओ चालू असता म्हणून बहिणीचं काही कमीजास्त झालं नसतं हे मलाही कळतं. पण आई दोन दिवस अंधारात बसली नसती. चार वर्षं त्या बोळात उभं राहून मला दोन मिनिटांचं काम येत नव्हतं, याचा राग माझ्या मनात फार वर्षं राहिला.

मिस्त्री म्हातारा झाला तेव्हा एकदा भेटायला गेलो आणि तो राग बोलून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला रान हाय बाबा. रानाची मोजणी होती, सातबारा निघतो. माझं रान म्हंजे हे दोन हात. शिकवलं की रान वाटून टाकल्यागत होतंय. तीन पोरी उजवायच्या होत्या मला." मी गप्प बसलो. त्याच्या जागी मी असतो तर पाठ फिरवली नसती का? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ज्ञान कोणाच्या मालकीचं असतं? आणि ज्याच्याजवळ आहे त्यानं ते द्यायलाच पाहिजे का? मी समजत होतो की याचं उत्तर सोपं आहे. द्यावं. दिल्यानं वाढतं, असं शाळेत फळ्यावर लिहिलेलं असायचंच. पण दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि ते सोपं उत्तर माझ्या हातातून निसटलं. तेच सांगायला बसलोय.

2020 साली टाळेबंदीत माझा नातू पुण्याहून घरी आला. डिप्लोमाला होता. येताना कोणीतरी टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर पोत्यात घालून घेऊन आला. चालू व्हायलाच पंधरा मिनिटं लागायची. मी म्हणालो, भंगारात दे. तो म्हणाला, "आबा, याच्यावर लिनक्स टाकतो." मला वाटलं काहीतरी औषध असेल. त्यानं मोबाइलवर कोण्या अनोळखी पोराचा व्हिडिओ लावला. ते पोरगं सांगेल तसं हा करत गेला. पेन ड्राइव्हमध्ये काहीतरी भरलं, मशीन त्यावरून चालू केलं, आणि संध्याकाळपर्यंत तो मेलेला कॉम्प्युटर कामाला लागला. एक रुपया लागला नाही.

मी विचारलं, हे बनवणाऱ्याला काय मिळतं? आणि दाखवणाऱ्याला काय मिळतं? मग नातवानं मला ती सगळी कथा सांगितली. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणारा लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा. त्यानं 1991 साली हौस म्हणून हे सुरू केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्याच्याआधी, 1983 पासून, अमेरिकेतला रिचर्ड स्टॉलमन सांगत होता की कॉम्प्युटरच्या पोटात काय लिहिलंय ते बघायचा, बदलायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा हक्क माणसाला पाहिजे. त्यासाठी त्यानं 1989 साली एक परवानापत्र काढलं. त्यातली मुख्य अट अशी, की तू हे फुकट घे, दुरुस्त कर, पुढं दे, पण देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक दे. वाटेत कुंपण घालू नको. लिनक्स पुढं याच परवान्याखाली आलं.

ऐकून मला बियाणं आठवलं. आमच्या आजीच्या काळात ज्वारीचं, तुरीचं बी मडक्यात राखेत ठेवायचे. पेरणीला ज्याच्याकडं नसेल तो शेजाऱ्याकडून पायली घेऊन जायचा आणि सुगीला सव्वा पायली आणून द्यायचा. त्या बियावर कोणाचं नाव नव्हतं. आपल्या देशात 2001 साली पिकांच्या वाणांबाबत जो कायदा झाला, त्यातही शेतकऱ्याला आपल्या रानातलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी छाप मारून विकता येत नाही. म्हणजे फिनलंडच्या पोरानं जे केलं ते आमच्या आजीला कळलं असतं. कॉम्प्युटर कळला नसता, पण व्यवहार कळला असता.

आपल्याकडंही अशी माणसं कमी नाहीत. अरविंद गुप्ता यांनी आयआयटीचं शिक्षण घेऊन आयुष्य काडेपेट्या, सायकलच्या ट्यूब आणि बाटल्यांची खेळणी करण्यात घालवलं. पुण्याच्या आयुकात बसून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेळण्यांच्या फिती बनवल्या, हजारो पुस्तकं सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प चालवला. लिनक्स, लिब्रेऑफिस, आवाजाचं काम करायचं ऑडॅसिटी, अशा फुकट मिळणाऱ्या साधनांचे दहा-दहा मिनिटांचे धडे. मराठीसकट आपल्या कितीतरी भाषांत. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, अर्ध्या पडद्यावर आपण करत जायचं. माझा नातू आवाजाचं काम त्यातूनच शिकला.

आपल्यात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं सांगतात. ऋषिऋण फेडायचं ते शिकून आणि शिकवून. ज्या अनोळखी पोराचा व्हिडिओ बघून आमचा कॉम्प्युटर जिवंत झाला, त्याचं ऋण कसं फेडायचं? त्याला पायली नको, सव्वा पायली नको. तेव्हा मी म्हटलं, मला जे येतं ते मी देतो. एव्हाना तीस वर्षांत मी पडत-धडपडत बरंच शिकलो होतो. स्टार्टर खोलणं, मोटारीचं कनेक्शन, फ्यूज, पंपाचा पॅनल. गावात कोणाची बोअरची मोटार बंद पडली की मला हाक यायची.

नातू शूटिंग करायचा, मी बोलायचो. गोठ्यासमोर बाज टाकून त्यावर पॅनल उघडून ठेवायचा. माझं बोलणं रांगडं. मागं कोंबड्या, कुत्री, शेजारच्या गिरणीचा आवाज. नातू तो सगळा आवाज ऑडॅसिटीत साफ करायचा. हे ऑडॅसिटी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी सुरू केलेलं आणि 2000 साली सगळ्यांना मोकळं केलेलं. त्यातली एक गंमत मला फार आवडली. गोंगाट काढायचा असेल तर आधी त्याला नुसता गोंगाट ऐकवावा लागतो. म्हणून नातू म्हणायचा, "आबा, सुरुवातीला दहा सेकंद काहीच बोलू नका." मी गप्प बसायचो. तेवढ्या दहा सेकंदांत यंत्र गिरणीचा आवाज ओळखायचं आणि मग सगळ्या बोलण्यातून तेवढाच काढून टाकायचं.

त्याच कॉम्प्युटरवर आम्ही माझ्या चुलतीच्या जात्यावरच्या ओव्याही भरून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हे मी वाचलं होतं. आपण निदान चाळीस तरी ठेवाव्यात असं वाटलं. चुलती पुढच्या वर्षी गेली. तिचा आवाज आहे. हे मी त्या फुकट मिळालेल्या साधनाच्या खात्यावर जमेला धरतो.

आता खर्चाची बाजू.

एक व्हिडिओ आम्ही कंडेन्सर बदलायचा केला होता. सिंगल फेज बोअरच्या पॅनलमध्ये दोन कंडेन्सर असतात. एक मोटार चालू आहे तोवर काम करणारा, आणि दुसरा फक्त सुरुवातीला जोर देणारा. मोटारीनं वेग घेतला की दुसरा बाजूला तोडला जातो. तोडला जाण्याच्या क्षणी त्याच्या पोटात जेवढी वीज असेल ती तशीच अडकून बसते. सव्वातीनशे व्होल्टपर्यंत असू शकते. मेन स्विच काढला, फ्यूज काढले, टेस्टर लावून बघितलं, लाइन नाही, सगळं बरोबर केलं, तरी कंडेन्सरच्या दोन टोकांना हात लागला की तो माणसाला फेकून देतो. म्हणून आधी बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून ती वीज उतरवून घ्यायची. बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. मग हात घालायचा.

हे मी त्या दिवशी करून दाखवलं होतं. पण नेमकं तेव्हा कुत्री भांडायला लागली, बल्बची एक वायर सुटली, मी ती परत बसवेपर्यंत दोन मिनिटं गेली. नातवानं ती दोन मिनिटं कापली. लोक लांब व्हिडिओ बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तेही खोटं नाही. आणि टाकण्याआधी त्यानं मला दाखवला होता. मी बघितला. माझ्या ध्यानात आलं नाही. का आलं नाही? कारण मला ते येत होतं. जे आपल्याला येतं ते दिसलं नाही तरी आपण मनात भरून घेतो. अंगवळणी पडलेली गोष्ट डोळ्याला दिसेनाशी होते.

व्हिडिओ बराच चालला. आमच्या मानानं. मग उन्हाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या जिल्ह्यातला माणूस. म्हणाला, "काका, तुमचं बघून कंडेन्सर बदलाय गेलो. लाइन बंद केली होती. तरी झटका बसला. ओट्यावरनं खाली पडलो, मनगट मोडलं." मला काही सुचेना. तोच पुढं म्हणाला, "तुमची चूक न्हाई काका. माझंच कायतरी चुकलं असंल. फकस्त इचारायला फोन केला, की काय चुकलं?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री नातवाला फोन लावून तो व्हिडिओ काढायला लावला. तो रडवेला झाला. म्हणाला, "मी कापलं आबा." मी म्हणालो, "मी बघितलं आणि मला कळलं नाही. तुझ्यापेक्षा माझं जास्त आहे." आम्ही दोघं चूक आपल्याकडं ओढत होतो, तेवढ्यात नातवाची आजी चुलीपुढून बोलली, "तुमच्यात वाटण्या नंतर करा. ज्याचा हात मोडलाय त्याच्याकडं जाऊन तरी आलात का?"

त्या स्टॉलमनच्या परवानापत्रात अजून एक कलम आहे. नातवानं ते मला मुद्दाम वाचून दाखवलं, माझं मन हलकं व्हावं म्हणून. मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं म्हणे. या वस्तूची कसलीही हमी नाही, वापरून काही बिघडलं तर देणारा जबाबदार नाही. मी त्यावर खूप विचार केला. कलम गैर नाही. जो पोरगा फुकटात काही बनवून जगापुढं ठेवतो, त्याच्यावर जगभरातले लोक खटले भरायला लागले तर कोण देईल? मिस्त्रीसारखा जो तो पाठ फिरवून बसेल. कायद्याला ही रेघ ओढावीच लागते.

पण कायद्याची रेघ आणि मनाची रेघ एक नसते. परत बियाण्याचंच बघा. आपण शेजाऱ्याला घरचं सोयाबीन पेरायला देतो तेव्हा कागदावर काही लिहून देत नाही. पण एवढं सांगतोच, की बाबा, उगवण बघून पेर. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, पाच-सात दिवसांनी मोज. सत्तर उगवले तर बिनधास्त पेर. कमी उगवले तर बी वाढव. हमी नाही, पण सांगणं आहे. आणि दोन्ही एकाच तोंडून निघतात. जो नुसतं बी देतो आणि उगवण बघायचं सांगत नाही, त्याला आपण दानशूर म्हणत नाही. गाव त्याच्याबद्दल मागं काय बोलतं ते तुम्हाला माहीत आहे.

आमचं गाव तेरपासून लांब नाही. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. लहानपणापासून त्यांच्या दोन गोष्टी ऐकत आलो. एक अशी, की सगळे संत जमले असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, मडकं पक्कं का कच्चं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. दुसरी गोष्ट सांगताना मात्र आई खालचा आवाज लावायची. काका नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवत होते. तान्हं लेकरू रांगत आलं आणि पायाखाली गेलं. काकांना कळलंच नाही.

ते फोन प्रकरण झाल्यावर ही दुसरी गोष्ट मला झोपू देईना. लहानपणी मला वाटायचं, देवाचं नाव घेणाऱ्याच्या हातून असं कसं होईल? आता कळतं की होतं ते असंच होतं. वाईट काम करणारा माणूस निदान इकडंतिकडं बघत असतो, कोणी येतंय का म्हणून. चांगल्या कामात दंग झालेला खाली बघत नाही. त्याला वाटतं, मी चांगलंच करतोय, मग खाली बघायचं कशाला? मी लोकांना फुकट देत होतो, ऋण फेडत होतो. त्या आनंदात माझ्या पायाखाली कोण येतंय हे मी बघितलं नव्हतं.

आणि पहिली गोष्टही मग मला वेगळी दिसायला लागली. मिस्त्री म्हणाला होता, बघून कुठं येतंय. तो पोटासाठी बोलला असेल, पण अर्धं खरं बोलला. समोर शिकवणारा असला तर तो शिकणाऱ्याचा हात बघतो. चुकीच्या जागी हात गेला की फटका देतो. मडकं थापटून बघतो. व्हिडिओत तो नसतो. बोलणारा एकीकडं, बघणारा दुसरीकडं, मधी हजार कोस. बघणाऱ्याचं मडकं कच्चं का पक्कं हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही.

म्हणून देणंच बंद करावं का? मी तेच ठरवलं होतं. महिनाभर नवीन काही केलं नाही. तेवढ्यात भूम तालुक्यातून एका बाईचा फोन आला. नवरा वारलेला, चार शेरडं, एक म्हैस, बोअरवर थोडा भाजीपाला. म्हणाली, "भाऊ, कंडेन्सरचा तुमचा व्हिडिओ दिसंना झालाय. मी अर्धा बघितला होता. मिस्त्री चार दिवसांनी येतो म्हणतोय, आणि म्हशीला पाणी न्हाई." मी फोनवर तिला म्हणालो, तुम्ही हात लावू नका. ती म्हणाली, "मग म्हशीला काय सांगू?"

म्हणजे न देण्यालाही किंमत आहे. ती आईनं 1993 साली मोजली होती, आता ही बाई मोजत होती. मोडलेलं मनगट दिसतं, त्याचा फोन येतो. न मिळालेल्या माहितीमुळं जे वाळतं, त्याचा फोन बहुतेक वेळा येत नाही. एवढाच फरक.

नातवानं मग मला एक गोष्ट सांगितली. त्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांची एक रीत आहे. धडा लिहून झाला, जाणकारानं तपासला, तरी लगेच आवाज भरत नाहीत. आधी तो अशा माणसाकडं देतात ज्याला त्यातलं काहीच येत नाही. नवख्याकडं. त्यानं धड्यात लिहिलंय तेवढंच करून बघायचं. तो जिथं अडेल तिथं चूक त्याची नाही, धड्याची. धडा दुरुस्त करायचा.

हे ऐकल्यावर मी थोडा वेळ बोललोच नाही. इतके दिवस मी विचारत होतो की शिकणाऱ्याचं मडकं कोण थापटणार. आणि हे लोक उलटं करत होते. थापटणं नवख्याच्या हातात देऊन ते शिकवणाऱ्याच्या डोक्यावर मारून घेत होते.

आम्ही तो व्हिडिओ परत केला. सुनेला पुढं बसवलं. तिनं जन्मात पॅनल उघडला नव्हता. मी हात मागं बांधून नुसतं बोलायचं, आणि तिनं मी म्हणेन तेवढंच करायचं. लाइन जोडलेली नव्हती, कंडेन्सरही रिकामाच ठेवला होता. तरी ती तीन ठिकाणी अडली. मी म्हणालो, "फेज काढ." ती म्हणाली, "फेज कंची?" मी म्हणालो, "टोकांना हात लावू नको." ती म्हणाली, "आबा, टोकं म्हंजे ही तांब्याची का ही पांढरी?" तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही, सरळ हात घातला. वीज असती तर बसला असता. माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षं मी ज्याला सोपं समजत होतो ते किती अवघड आहे हे मला माझ्या सुनेनं शिकवलं. तो व्हिडिओ बावीस मिनिटांचा झाला. कुत्र्यांसकट. कमी लोक बघतात. असू दे. भूमच्या बाईनं तो बघितला, पण कंडेन्सर स्वतः न बदलता भाच्याला बोलावून त्याच्याकडून बदलून घेतला, आणि तो बल्ब लावतोय का नाही हे शेजारी उभं राहून बघितलं. मला ते जास्त आवडलं.

त्या माणसाकडं मी गेलो होतो. एसटीनं, दोन गाड्या बदलून. हात गळ्यात अडकवलेला. घरच्यांनी चहा केला. मी औषधपाण्याचे म्हणून पैसे पुढं केले, त्यानं घेतले नाहीत. सोबत घरच्या तुरीची डाळ नेली होती, ती घेतली. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोललो. मग त्यानंच विषय काढला. "काका, तेवढं सांगा. लाइन नव्हती, मग वीज आली कुठनं?" मी अंगणातलं मातीचं मडकं दाखवलं. म्हणालो, नळ बंद केला म्हणून मडक्यातलं पाणी जातं का? तो थोडा वेळ मडक्याकडं बघत राहिला. मग डाव्या हातानं कपाळावर मारून घेत म्हणाला, "एवढंच होतं व्हय!"

एवढंच होतं. दोन मिनिटांचं.

आता हा विषय संपला असं मी लिहू शकत नाही. जुना व्हिडिओ आम्ही काढला, पण काढण्याआधी कोणीतरी तो उतरवून घेतला होता. आपल्या नावानं परत टाकलाय, खाली गाणं लावलंय. निरोप पाठवले, उत्तर नाही. पेरलेलं बी परत गोळा करता येत नाही. त्यात ती दोन मिनिटं नाहीत. कुठंतरी कोणीतरी लाइन बंद करून, टेस्टर लावून, सगळं बरोबर करून तो बघत असेल.

मला अजून वाटतं की द्यावं. मिस्त्रीसारखी पाठ फिरवायची नाही. पण आता अनोळखी नंबर वाजला की उचलायच्या आधी क्षणभर छातीत धडधडतं. ती धडधड जाऊ नये असंच वाटतं. ती गेली की मी परत चिखल तुडवायला लागेन, खाली न बघता.